प्रेरणेचं घोंगडं

“...मग केस करू का नको, तेवढं सांगा!”

सुगंधानं पायरीखाली चपला काढल्या न काढल्या आणि विचारलं. नमस्कार करायचा राहूनच गेला.

टेकडीवरच्या मठाचे म्हातारे शिवलिंग अप्पा ओट्यावर कोवळ्या उन्हाला बसले होते. पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा. एक शेंग फोडून त्यांनी दाणे तिच्यापुढे धरले.

“कर,” ते म्हणाले.

सुगंधा गोंधळली. टेकडी चढताना तिनं सगळी उत्तरं तयार ठेवली होती. अप्पा ‘जाऊ दे’ म्हणाले तर काय बोलायचं. ‘देवावर सोड’ म्हणाले तर काय बोलायचं. ‘कर’ म्हणाले तर काय, ते तिनं ठरवलंच नव्हतं.

“करू?”

“कर की. वकील बघितलास?”

“बघितला. म्हणतोय, केस उभी राहील.”

“मग कर.”

“...एवढंच?”

“अजून काय पाहिजे?”

अजून काय पाहिजे ते तिलाही सांगता येईना. तिनं दाणे घेतले नाहीत.

सुगंधा सणगर ही त्या माळरानावरच्या गावातली घोंगडी विणणारी बाई. बाप रामलिंग गेला तेव्हा तिचे दोघे भाऊ साखर कारखान्यात चिकटले होते. माग मोडून जळणाला घालायचं घरात ठरत होतं. तेव्हा नवरा सोडून माहेरी आलेली ही पोरगी उठली आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. बाई मागावर बसली म्हणून गाव हसलं. अप्पा हसले नाहीत. तिचं पहिलं घोंगडं त्यांनीच घेतलं, खांद्यावर टाकलं, आणि बाजारच्या दिवशी मुद्दाम गावातून चक्कर मारून आले.

पुढं तिनं हळूहळू बस्तान बसवलं. फोनवर फोटो टाकायला शिकली. शहरातल्या प्रदर्शनात उभी राहायला शिकली. गिऱ्हाईक नाक मुरडून ‘टोचतं हो हे’ म्हणालं, तर हसून ‘चार दिवस अंगाखाली घ्या, मग बोला’ म्हणायला शिकली. गावातल्या म्हाताऱ्या तिच्यासाठी चरख्यावर सूत काढू लागल्या. तिचं घोंगडं घेतलेला माणूस दुसऱ्याला तिचा नंबर द्यायचा. धंदा लहान होता, पण तिचा होता.

मग पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस गाडी घेऊन आला.

“ताई, तुमची गोष्ट जगापुढं गेली पाहिजे,” असं म्हणाला. दिवसभर त्यानं तिचे फोटो काढले. मागावर बसलेली, लोकर पिंजताना, दारात उभी राहून हसताना. तिनं त्याला आग्रह करकरून भाकरी वाढली. जाताना तो तिच्या पाया पडला.

पुढच्या थंडीत एका अनोळखी बाईचा फोन आला.

“लाज नाही वाटत? हातची लोकर सांगून प्लॅस्टिक विकता?”

सुगंधाला आधी काही कळेना. मग त्या बाईनं फोटो पाठवला. मशीनवर निघालेलं, प्लॅस्टिकच्या धाग्याचं घोंगडं. आणि खोक्यावर दारात उभी राहून हसणारी सुगंधा.

ती पहिल्या गाडीनं पुण्याला गेली. तिला गार खोलीत बसवलं, कॉफी दिली. तोच माणूस आला. त्यानं शांतपणे खोकं उलटं केलं आणि खालची बारीक अक्षरं बोटानं दाखवली.

‘सुगंधाताईंच्या प्रेरणेतून.’

“तुम्ही विणलंय असं आम्ही कुठं म्हटलंय? प्रेरणा म्हटलंय, ताई. हा तर तुमचा सन्मान आहे.”

तो सन्मान तिच्या डोक्यात गेला तो गेलाच.

गावी आल्यावर तिनं फोन समोर ठेवला, व्हिडिओ चालू केला आणि बोलायला सुरुवात केली. एका हातात आपल्या लोकरीचा धागा, दुसऱ्या हातात कंपनीचा. काडी ओढायची. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास, आणि राख चिमटीत भुगा होते. प्लॅस्टिक वितळतं, त्याचा काळा कडक गोळा होतो. लोकांनी ते बघितलं. खूप लोकांनी बघितलं. कंपनीला शिव्या दिल्या, तिला शाबासकी दिली, उद्या आणखी कडक बोला म्हणाले. ती उद्या आणखी कडक बोलली. तिच्या पर्समध्ये आता काडेपेटी कायम असायची.

आणि ती अप्पांकडे यायची. पुन्हा पुन्हा यायची, तीच हकिगत नव्यानं सांगायची. अप्पा ऐकायचे.

“तुमाला राग येत न्हाई का, अप्पा?” आज तिनं विचारलं.

“येतो.”

“मग दिसत कसा न्हाई?”

“तुझाच एवढा हाय. माझा ठेवू कुठं?”

तिला हसू आलं नाही.

“चेष्टा करू नका. माझं तोंड विकतायत ते. माझ्या बापाचा माग विकतायत. आणि वर म्हणतात, सन्मान! मी कुणाच्या घरी जेवून त्याच्या ताटावर माझं नाव घालीन का?”

“न्हाई घालणार.”

“मग?”

“मग चोर हायेत ते. मी कुठं न्हाई म्हणतोय?”

अप्पांनी आणखी एक शेंग फोडली.

“माग कसा हाय?”

“हाय तिथंच हाय की. मागाचं काय घेऊन बसलाय! मी काय सांगतीय आणि तुम्ही...”

तेवढ्यात पायऱ्यांवर धापा टाकत एक म्हातारी आली. शेजारच्या वाडीची हौसाबाई. काखेत पदराखाली काहीतरी झाकून धरलेलं. तिनं ओट्यावर डोकं टेकलं, श्वास आवरला आणि पदर बाजूला केला.

खोकं होतं. खोक्यावर सुगंधा हसत होती.

“नातू तापातनं उठला, अप्पा,” हौसाबाई म्हणाली. “तवाच बोलले होते, बरा झाला तर अप्पांना घोंगडं घालीन. गेल्या थंडीपासून तुमचा खांदा उघडाच बघतीय मी.”

सुगंधानं झटकन अप्पांकडे पाहिलं. खांद्यावर नुसता पंचा होता. विरलेला.

“तुमचं घोंगडं कुठाय?”

“माळावर एक मेंढक्या गारठून गेला. त्याच्यावर घातलं. त्याच्याबरोबरच गेलं.”

“मला बोलला का न्हाई?”

“तू बोलत होतीस.”

...

हौसाबाईचं लक्ष आता कुठं सुगंधाकडे गेलं. ती एकदा खोक्याकडे बघे, एकदा सुगंधाकडे. तोंडभर हसली.

“अगं बाई, हीच की ती! माझ्या लेकीनं फोनवरनं मागवलं बघ. म्हणाली, आये, ही आपल्याच भागातली हाय, हिच्याच हातचं घेऊ...”

“माझ्या हातचं न्हाई ते!”

सुगंधा ओरडली तशी ओसरीवरची कबुतरं उडाली.

“डोळे फुटले होते का तुमच्या लेकीचे? गावोगाव बोंबलतीय मी. घसा फुटला माझा. तरी तुम्ही घेताय! तुम्ही घेताय म्हणून ते विकतायत!”

हौसाबाईचं हसू तोंडावरच राहिलं. तिला वाचता येत नव्हतं. खोक्यावर काय लिहिलंय आणि काय नाही, तिला काय ठाऊक.

सुगंधानं खोकं ओढून घेतलं. आतलं घोंगडं बाहेर खेचलं. काळंभोर, मऊसूत, झुळझुळीत. तिनं कोपऱ्याचा धागा उपसला, पर्समधून काडेपेटी काढली.

“बघा आता. कसला गोळा होतो बघा!”

काडी पेटली. तिनं ती धाग्याजवळ नेली.

अप्पा पुढे वाकले आणि फुंकर मारून काडी विझवली.

विझलेल्या काडीचा धूर तिच्या चिमटीतून वर गेला.

अप्पांनी दोन्ही हात पुढे केले. सुगंधाकडे नाही, हौसाबाईकडे. म्हातारीनं घाबरत घाबरत घोंगडं उचललं आणि त्यांच्या हातांवर ठेवलं. अप्पांनी ते कपाळाला लावलं, उलगडलं आणि अंगभर पांघरलं.

“अप्पा!”

“काय?”

“खोटं हाय ते!”

“मला कळतंय की. लोकर काय मला म्हाईत न्हाई?”

“मग काढा!”

“तिचा नवस खरा हाय.”

“आणि मी? मी खोटी? चोर तिकडं गार खोलीत बसलेत, आणि तुम्ही त्यांचाच माल मिरवताय! माझ्या देखत! कशाला आले मी इथं?”

तिचे डोळे भरून आले. रागानंच आले.

उत्तर आलं ते हौसाबाईकडून. म्हातारी इतका वेळ पदराचं टोक पिळत होती. ती सुगंधासमोर येऊन उभी राहिली.

“बाई, मला काय खोट्याची हौस होती? मी तुझं तोंड बघून घेतलं. माझी फसगत झाली, तरी तू मलाच बोलतीयास!” तिनं पदर खोचला. “बरं, झालं ते झालं. आता तू खरं दे. नवसाला खोटं घातलं असं नगं राहायला. दे, मी घेऊन जाते.”

“...आता न्हाई माझ्याकडं.”

“मी येते की घरला. वाट माझ्या पायाखालची हाय.”

“घरी बी न्हाई.”

“विकली सगळी?”

सुगंधानं काडेपेटी पर्समध्ये टाकली.

“मग विणलेलं एक सुदीक न्हाई?”

सुगंधाला मागाचा खड्डा दिसला. त्यात शेजारची कोंबडी अंडी घालत होती, बरेच दिवस. कोपऱ्यात लोकरीची पोती तशीच होती, तोंडं बांधलेली. सूत काढणाऱ्या म्हाताऱ्या दारात येऊन उभ्या राहायच्या. लोकर दे म्हणायच्या. ती फोनवरून मान न काढता म्हणायची, थांबा, आधी यांचा निकाल लावते. अलीकडे त्या यायच्या बंद झाल्या होत्या. कधीपासून, ते तिला आठवेना.

“न्हाई,” ती म्हणाली. “एक बी न्हाई.”

हौसाबाई तिच्याकडे बघत राहिली. टोमणा मारायचा तिच्या मनात नव्हता. तिला खरंच काही कळत नव्हतं.

“मग बाई, त्यांच्याकडं खोटं तरी हाय.”

...

ऊन ओट्यावर चढलं होतं. हौसाबाई पुन्हा डोकं टेकून, हळूहळू पायऱ्या उतरून गेली. ती वळणाआड होईपर्यंत सुगंधा बघत राहिली. मग एकदम अप्पांकडे वळली.

“म्हणजे चूक माझीच म्हणा की! त्यांनी चोरायचं, आणि मी मान खाली घालून विणत बसायचं?”

“मान खाली कशाला घालतीस?”

“मग काय करू?”

“वकिलाकडं कधी जाणार हायेस?”

“परवा.”

“जा.”

“मी सोडणार न्हाई त्यांना. सांगून ठेवते.”

“सोडू नको.”

“भर कोर्टात धागा जाळून दाखवीन.”

“दाखव.”

तिला भांडायला पुढं काही उरलं नाही. अप्पांनी ते झुळझुळीत घोंगडं आणखी घट्ट लपेटून घेतलं. आता ऊन थेट त्यांच्या अंगावर आलं होतं. कपाळावर थेंब जमले होते, मानेवरून ओघळत होते. शेजारी सावली होती. ते सावलीत सरकले नाहीत.

“काढा ना ते, अप्पा...” ती म्हणाली. आवाजातला जोर गेला होता. “बरं दिसत न्हाई.”

“का? तुझाच फोटो हाय त्याच्यावर.”

सुगंधानं खोकं उचललं. तोंड खाली करून ओट्याच्या कडेला ठेवलं. मग उठून अप्पांच्या मागे गेली. अजून ती धुसफुसतच होती, नाकपुड्या फुललेल्या होत्या. पण तिचा हात आपसूक पुढे झाला आणि अप्पांच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत वितीनं माप घेऊ लागला. विती मोजता मोजता ती पुटपुटत होती. म्हातारा वाळला होता. पहिल्या घोंगड्याचं माप आता मोठं झालं असतं.

“आधी सूत काढून घ्यावं लागंल,” ती म्हणाली. “म्हाताऱ्या रुसल्यात. त्यांच्या घरोघर जाऊन पाया पडावं लागंल. मग मागावर ताणा लावायचा, त्याला खळ द्यायची, मग विणायचं... आणि मधी वकिलाची तारीख हाय ती वेगळीच. कधीपर्यंत पाहिजे तुमाला?”

अप्पांनी तोंडावरचा घाम पंच्यानं पुसला.

“तुझं येईपर्यंत मी हे काढणार न्हाई, सुगंधा. आणि ऊन वाढत चाललंय.”