हाडासाठी सोडलेली जागा

एकदा एका प्रयोगशाळेत एक शिष्य दाखल झाला. त्याचं नाव प्रल्हाद. तिथे हाडांवर संशोधन चाले आणि ते एक वृद्ध विदुषी पाहत. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. पहिल्याच भेटीत बाईंनी विचारलं, “इतक्या विषयांतून हाच का निवडलास?”

प्रल्हादने सांगितलं, “माझी थोरली बहीण, वत्सलाताई. लहानपणी तिच्या पायाचं हाड सडलं, म्हणून मधला तुकडा काढावा लागला. आत सळई घातली, ती सैल झाली. दुसरी घातली, तीही टिकली नाही. जन्मभर ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चालली. मागच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. बाई, मला असा आधार घडवायचाय, जो कधीच मोडणार नाही.”

बाईंनी त्याला काम दिलं.

प्रल्हाद दिवसरात्र खपला. हाडात असतात तीच क्षारद्रव्यं घेऊन त्याने एक ठोकळा घडवला. शुभ्र, गुळगुळीत, दगडासारखा भरीव. यंत्राखाली दाबून पाहिला तरी त्याला साधा तडाही गेला नाही. बाईंनी तो हातात घेऊन कौतुकाने न्याहाळला आणि बाजूला ठेवला.

“आता दुसरा कर. आरपार छिद्रं असलेला, एका छिद्रातून दुसऱ्यात वाट असलेला. आणि शरीरात हळूहळू विरघळून जाईल असा.”

“बाई, पण तो याच्याहून कच्चा होईल!”

“होऊ दे.”

प्रल्हादला हे फार लागलं. ज्या बाईंकडे तो एवढ्या आशेने आला होता, त्याच त्याला दुबळी वस्तू घडवायला सांगत होत्या. तरी त्याने ती घडवली. पशुवैद्यांच्या मदतीने दोन्ही तुकडे मेंढ्यांच्या पायांत बसवले गेले. काही महिन्यांनी पाहिलं, तर भरीव ठोकळ्याला हाड बाहेरून नुसतं टेकलं होतं. आत त्याचा कणही शिरला नव्हता. सच्छिद्र तुकड्याच्या मात्र प्रत्येक पोकळीत कोवळं हाड धरलं होतं. प्रल्हाद निमूटपणे त्याच वाटेने पुढे गेला.

पुढे अनेक चाचण्या झाल्या, परवानग्या मिळाल्या आणि तो आधार पहिल्यांदा माणसाच्या पायात बसला. ती सुगंधा वळवी, सातपुड्यातली तरुण वनरक्षक. गाठीमुळे तिच्या नडगीचा तुकडा काढावा लागला होता. पाय वाचेल, पण पुन्हा डोंगर चढता येईल की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

प्रल्हादने तिला कधी पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे फक्त तिच्या पायाची, कोपऱ्यात तिचं नाव लिहिलेली क्ष-किरण चित्रं येत. प्रत्येक चित्रात तो आधी आपला तुकडा शोधी. सुरुवातीला तो स्पष्ट दिसे, मग पुसट झाला, मग त्याच्या कडा हरवल्या. शेवटचं चित्र आलं तेव्हा त्याने ते उजेडासमोर धरलं, उलटंसुलटं करून पाहिलं. वरपासून खालपर्यंत एकसंध हाड होतं. दुसरं काहीच नव्हतं.

तो बाईंकडे गेला. “बाई, पाय बरा झाला. पण माझं काही उरलं नाही. थोडंसं तरी राहायला हवं होतं. घडवताना सारखी ताई आठवायची. वाटायचं, कुणाच्या तरी पायात ती राहील.”

बाईंनी त्याला समोर बसवलं. “हाड म्हणजे मेलेलं लाकूड नव्हे, प्रल्हाद. ते रोज थोडं झिजतं, रोज थोडं नव्याने भरतं. भार पडला तरच बळकट होतं. तुझ्या पहिल्या ठोकळ्याने सगळा भार एकट्याने उचलला असता, मग हाडाने वाढावं कशासाठी? या तुकड्यात तू जागा सोडलीस. तिथे रक्तवाहिन्या शिरल्या, पेशींनी घर केलं, आणि हाड जसजसं उभं राहिलं तसतसा तुझा आधार मागे सरला. आधी विरघळला असता तर ती कोसळली असती. विरघळलाच नसता तर ते हाड कधी तिचं झालं नसतं.”

“आणि ताई?”

बाई म्हणाल्या, “गेलेल्या माणसाची हुरहूर कशाने विरघळते, मला ठाऊक नाही. माझीही विरघळलेली नाही.”

प्रल्हाद बाहेर आला. ओसरीत शेवटच्या तपासणीला आलेली, गणवेशातली एक मुलगी चपलेचा पट्टा लावत होती. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, सुगंधा वळवी. त्याची नजर तिच्या पायाकडे गेली.

“दादा, एसटी स्टँड इथून कुठल्या बाजूला?” तिने विचारलं.

“डावीकडे. पण लांब आहे. रिक्षा मिळेल समोर.”

“नको, चालतच जाते,” ती हसून म्हणाली आणि निघाली.

गर्दीत ती दिसेनाशी होईपर्यंत प्रल्हाद फाटकाशी उभा होता. मागून बाई येऊन उभ्या राहिल्या.

“तू कोण ते सांगितलंस तिला?”

“नाही.”

“का रे?”

“तिला घाई होती, बाई.”