पाटातून सोडलेलं बी

फार वर्षांपूर्वी एका गावात दोन शेजारी होते, लाजरस आणि शांतवन. विहीर दोघांत एक, पाट एक, रविवारी ख्रिस्ती देवळात बसायचा बाकही एक. दोघंही जनावरांच्या चाऱ्यासाठी लसूणघास लावायचे. लाजरस डोक्यानं गरम, पण पोटात काही ठेवायचा नाही. शांतवनचं बोलणं लोण्यासारखं, आतलं मात्र कुणाला कळायचं नाही.

एकदा तालुक्याचा मोठा गोठेवाला आला. म्हणाला, ज्याचा घास चांगला निघेल त्याचाच वर्षभर उचलीन.

नेमकी तेव्हाच लाजरसची आई आजारी पडली. तिला दवाखान्यात नेताना त्यानं शांतवनला सांगितलं, माझ्या घासाला तेवढं पाणी धर. शांतवननं पाणी धरलं, एक पाळी चुकवली नाही. आणि त्याच पाण्यात मूठभर अमरवेलीचं बी सोडलं. अमरवेल म्हणजे नुसता पिवळा दोरा. दुसऱ्या पिकाच्या अंगावर चढायचं आणि त्याला शोषून खायचं, एवढंच तिला येतं.

आई बरी झाली, लाजरस घरी आला. पुढं घासावर पिवळी जाळी चढली. त्यानं वाफा न् वाफा बघितला. वेल उगवली होती ती वाफ्याच्या तोंडाशी, जिथनं पाणी आत शिरतं तिथं. वाऱ्यानं आलेलं बी असं रांगेत बसत नाही. पाणी कुणी धरलं होतं, हे काय विचारायला पाहिजे?

विळा घेऊन तो बांधाकडं निघाला. बायको, रूथ, आडवी आली.

"जा, तोड त्याला," ती म्हणाली. "अन् रविवारी देवळात त्याच हातानं प्रभूची भाकर घे."

लाजरस थांबला. मग वळला आणि तोच विळा घासात घातला. बी धरलेली सगळी वेल घासासकट कापून बांधावर ढीग घातला. वाळला की पेटवायचा होता. गोठेवाला शांतवनकडं गेला आणि म्हणाला, अजून एक एकर लाव.

आता शांतवनला खत पाहिजे होतं. गावात धनगराची मेंढरं आली होती. लेंडीखतासाठी ती रात्री रानात बसवायची पहिली पाळी लाजरसची. शांतवननं धनगराच्या कानात सोडलं, त्याच्या रानाला रोग हाय, माझ्याकडं चल. मेंढरं वळली, आणि वाटेत बांधावरचा तो ढीग खाऊन मोकळी झाली.

लाजरसनं हे बघितलं. अमरवेलीचं बी मेंढराच्या पोटात मरत नाही, लेंडीतून जसंच्या तसं खाली पडतं, हे त्याला माहीत होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. दात खात तो उभा राहिला. मग त्याच्या मनात आलं, गप्प बसलो तर मीही त्याच्या रानात बी टाकल्यासारखंच झालं.

तो बांधावर गेला. "शांतवन, ही मेंढरं बसवू नको. अमरवेल खाऊन आल्यात. आठ दिवस माळावर ठेव, मग बसव."

शांतवन हसला. "मला येडा समजतो व्हय? मेंढरं तुझ्याकडं वळवायचा डाव हाय हा."

"डाव न्हाई. खरं सांगतोय."

"एवढं झाल्यावर तू माझं भलं बघणार?"

"एवढं म्हंजी काय झालं," लाजरस म्हणाला, "ते तुला बरं ठाऊक."

शांतवनचा चेहरा उतरला. पण मेंढरं त्यानं बसवलीच. स्वतः डाव खेळणाऱ्याला दुसऱ्याच्या तोंडचं खरं ऐकूच येत नाही.

त्या एकरात घास आला आणि त्याच्या मागोमाग पिवळा दोरा आला. पाटाच्या पाण्यानं तो जुन्या घासातही शिरला. गोठेवाल्यानं एक पेंढी उलगडून बघितली आणि बैलगाडी रिकामीच माघारी नेली.

दुसऱ्या दिवशी शांतवन लाजरसच्या दारात आला. खाली मान घालून सगळं कबूल केलं. म्हणाला, माफ कर.

"केलं माफ," लाजरस म्हणाला. "तवाच केलं, विळा तुझ्यावरनं घासाकडं फिरवला तवा. पण माफीनं अमरवेल जळत न्हाई. ती कापायलाच लागंल, अन् तुलाच."

मग त्यानं आतून दोन विळे आणले. एक त्याच्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला आणि पुढं चालू लागला.

तात्पर्य: दगा पेरला तरी देव माफी देतो, पण उगवलेलं आपल्यालाच कापावं लागतं. आणि ज्याच्याशी दगा झाला त्यानं उलटं बी पेरायचं नाही, विळा घेऊन मदतीला उभं राहायचं.