रिकामं मशीन

"म्हणजे वाईच्या कार्यक्रमाला एकही आवाज सोबत न्यायचा नाही?" शलाकानं विचारलं.

"मशीन ने," बापू म्हणाले. "आवाज नको."

तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

बापू शेडगे वाईचे. तरुणपणी तमाशात ऑर्गन वाजवायचे. पुढं जुने रेडिओ उघडून, त्यांतले सुटे भाग जोडून त्यांनी स्वतःची वाद्यं घडवली. विजेवरचं वाद्य लोकांसमोर कसं वाजवावं, हे शिकायला लांबलांबून पोरंपोरी त्यांच्याकडे येत. शलाका डोंगरे त्या सगळ्यांत पुढची, आणि तिला ते ठाऊकही होतं. इचलकरंजीचे माग, साखर कारखान्याचा भोंगा, मासळीबाजारातला कालवा... वर्षानुवर्षं हिंडून तिनं हजारो आवाज टिपले होते. ते मशीनमध्ये भरून कार्यक्रमात ती तेच वाजवायची. असा साठा दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

"मग वाजवू काय?"

"तिथं मिळेल ते."

"आणि नाहीच मिळालं तर?"

बापूंनी मशीन उचलून तिच्या हातात दिलं.

वाईच्या वाचनालयाच्या सभागृहात ती रिकामं मशीन घेऊन बसली. माइक लोकांकडे वळवला आणि थांबली. लोकही थांबले.

पुढ्यात बसलेले एक आजोबा खोकले.

तिनं तो खोकला अलगद झेलला. मशीनमध्ये घेऊन ताणला, खाली उतरवला, तसा तो रिकाम्या रांजणात बोलल्यासारखा घुमू लागला. कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू तिनं वर चढवलं. एक खुर्ची करकरली, तिचा ठेका धरला... कार्यक्रम संपला तेव्हा अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. दारात ते आजोबा जाणाऱ्यायेणाऱ्याला अडवून सांगत होते, "तो खोकला माझा, बरं का!"

शलाकाची मान आधीच ताठ. आता तर ती खाली पाहीना.

"हीच माझी पद्धत," ती मुलाखतींत सांगू लागली. जाहिरातींवर मोठ्या अक्षरांत छापून येऊ लागलं: 'सभागृहातून जन्मणारं संगीत'.

मग पुण्यात मोठा कार्यक्रम ठरला. पुण्याचे श्रोते जाणकार. श्वासदेखील बेतानं घेणारे. कुणी खोकलंच नाही तर...?

तिनं यदूला, आपल्या मित्राला, तिसऱ्या रांगेत बसवलं.

पडदा वर गेला. तिनं माइक लोकांकडे वळवला. शांतता पसरली...

यदू खोकला. नेमका, मोकळा, खर्जातला.

कार्यक्रम रंगला. इतकं नेटकं आपण कधीच वाजवलं नव्हतं, असं तिला स्वतःलाच वाटलं. टाळ्या थांबता थांबेनात. तिनं वाकून नमस्कार केला, तोही सावकाश, सगळ्यांना नीट दिसेल असा.

बापू ऐकायला आले होते. गर्दी ओसरल्यावर ते आत आले. ती त्यांच्या पाया पडली.

"बापू, कसं झालं?"

"लोक खूश आहेत."

"आणि तुम्ही?"

बापू चष्मा पुसू लागले.

"वाईपेक्षा चांगलं झालं की नाही, सांगा ना! आज एक जागा चुकली नाही."

"नाही चुकली," बापू म्हणाले.

ती हसली. तिला एवढंच ऐकायचं होतं.

बापूंनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. कागदाची एक पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं उघडून पाहिली. खडीसाखर.

"प्रसाद?" तिनं विचारलं आणि एक खडा उचलला.

बापूंनी तिचा हात धरला.

"तिसऱ्या रांगेतल्या त्या पोराला दे," ते म्हणाले. "तालमी करून घसा बसला असेल त्याचा."