निजलेल्या डिस्कवरचा पहारा

एकदा एका वृद्ध संग्राहकांनी आयुष्यभर जमवलेली लोकगायकांची ध्वनिमुद्रणं दोन संगणकांतल्या हार्ड डिस्कवर भरली आणि दोन शिष्यांकडे एकेक संगणक सोपवला. "जिच्या हाती डिस्क नीट टिकतील, तिच्याकडे माझ्यानंतर सगळा संग्रह," एवढंच ते म्हणाले.

थोरली शिष्या नुकतीच आई झालेली. बाळाची झोळी संग्रहाच्या खोलीतच टांगलेली. धाकटी शलाका मोकळी, हसरी, आणि थोरलीच्या मते जरा जास्तच हसरी.

थोरलीने अशी व्यवस्था केली, की पाच मिनिटं कोणी गाणं मागितलं नाही तर डिस्क फिरायची थांबून झोपी जाईल. वीज वाचेल, झीज टळेल, शिवाय गुरुजींच्या डोळ्यांत भरेल. शलाकाच्या डिस्क मात्र दिवसभर फिरत असत. 'हिला कसली म्हणून फिकीर नाही,' थोरली मनात म्हणे, 'तरी गुरुजी हिच्याच चहाचं कौतुक करतात!'

काही महिन्यांत थोरलीची एक डिस्क उठताना कटकट वाजू लागली. एका दिवंगत शाहिराचं एकमेव मुद्रण नेमकं तिच्यातच होतं. शलाकाच्या डिस्क ठणठणीत. थोरलीचा जळफळाट झाला.

"गुरुजी, मी निजवते त्या बिघडतात आणि ही राबवते त्या धडधाकट! निजवण्यात अर्थ तरी आहे का?"

गुरुजी खुर्ची ओढून झोळीपाशी बसले. थोरली कामाला लागली. थोड्या वेळाने, सगळं ठीक आहे ना म्हणून, तिने निजलेल्या डिस्कवरचं एक गाणं उघडलं आणि मिटलं. तत्क्षणी गुरुजींनी झोळीत डोकावून हाक मारली, "बाळा, झोपलास का रे?" बाळ दचकलं. तिने थोपटून निजवलं. मग शलाकाकडे कोणीसं गाणं मागायला आलं, तशी थोरलीने पुन्हा आपलं एक उघडून पाहिलं. पुन्हा गुरुजींची हाक. या वेळी बाळाने भोकाडच पसरलं.

"अहो गुरुजी! किती मुश्किलीने निजवलंय. का उठवता?"

"झोपलंय ना, एवढंच पाहत होतो."

"अशाने कोणी झोपेल का?"

"डिस्कही झोपत नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले. "मुली, एका लयीत फिरण्याचा तिला फारसा त्रास नसतो. थांबून पुन्हा वेग घेणं जिवावर बेततं, आणि वाचलेली वीजही त्यातच खर्ची पडते. जी सतत कोणाला ना कोणाला लागते, तिला फिरू द्यावं. जिला महिनोन्महिने कोणी विचारत नाही, तिला खुशाल निजवावं. तू मात्र निजवलंस, आणि शलाकाच्या धास्तीने स्वतःच उठवत राहिलीस."

थोरली ओशाळली. "आणि शाहीर?"

"डिस्क चालतेय तोवर प्रत करून घे. शलाकाच्या संगणकात जागा आहे."

'म्हणजे हिच्याकडे?' शब्द ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले. "शलाका, घेशील का गं?"

"त्यात काय ताई, आणा की! पण आधी त्याला घ्या, किती रडतोय बघा."

संध्याकाळी शाहिराचा आवाज शलाकाच्या मेजावरून खणखणीत घुमला. थोरलीने रोज लागणाऱ्या डिस्क फिरत्या ठेवल्या, क्वचित लागणाऱ्या निजवल्या. संग्रह कोणाला मिळणार, हा विचार मनात आला. तिने विचारलं नाही. झोळी हलायची थांबली होती. झोपलं असेल. उठून पाहावं असं फार वाटलं, पण ती बसून राहिली.