चुलीनं बुजवलेली वाट

फार वर्षांपूर्वी माळावरच्या एका घरात एक चूल होती आणि तिला खेटून तिचा धाकटा भाऊ, वैल. चुलीवर घरची सून सगुणा भाकरी करी आणि मधल्या भोकातून पलीकडे गेलेल्या जाळावर, वैलावर, म्हाताऱ्या सासऱ्यांच्या अंघोळीचं पाणी तापे.

चुलीला ते खुपे. "जळायचं मी आणि आयतं शेकायचं यानं! सगुणे, लिंपून टाक ते भोक."

"ताई, तुझ्या भाकरीचं मी काही घेत नाही," वैल म्हणाला. "तुझं उरलेलंच मला पुरतं."

पण सगुणेला चुलीचं पटलं. तिनं भोक चिखलानं बुजवलं.

भाकरी काही लवकर झाली नाही. पाण्यासाठी मात्र रोज वेगळा जाळ घालावा लागला. सरपण दुप्पट लागू लागलं. परसातली बाभूळ तोडली, तीही ऐन थंडीत संपली. सासरे गार पाण्यानं अंघोळ करू लागले आणि पौषात खोकल्यानं गेले.

आता घरात मूठभर काटक्या उरल्या होत्या. "वैला, ये रे बाबा," चूल म्हणाली. सगुणेनं विळ्यानं माती उकरून पाहिली. निघेना. चुलीच्याच जाळानं ती भाजून विटेसारखी झाली होती.