दरजाई फुकट घेत नाही

हसू नका मंडळी. मघाशी मी दरजाईदेवीच्या फुलांचे फुलवालीला पंधरा रुपये दिले, तिनं ते मोजून कनवटीला लावले, तेव्हा तुम्ही एकमेकांकडे पाहिलंत. देवीकडून कोणी पैसे घेतं का, असंच ना? आमच्या पिंपळदऱ्यात घेतात. दर सोमवारी दरजाईची टोपली बाजारात जाते आणि विकणारा सांगेल तो भाव देऊनच भरून येते. घासाघीस नाही.

पूर्वी असं नव्हतं. बारा गावांचा बाजार या वडाखाली भरायचा म्हणे. तेव्हाचा गुरव रखमाजी, म्हणजे माझाच पूर्वज, प्रत्येक ढिगातून देवीच्या नावानं पसाभर उचलायचा. पुढं पशाचं सूप झालं, सुपाची पाटी झाली. देवी खाते किती आणि गुरव खातो किती, हे लोकांना का कळत नव्हतं? पण देवीच्या नावापुढं बोलणार कोण! एकेक जण नदीपलीकडच्या बाजाराला जाऊ लागला.

साळू कुंभारीण तेवढी येत राहिली, तिला हीच वाट जवळची. एका सोमवारी घाटात तिचा पाय घसरला. मडकी फुटली, एकच घागर वाचली. घरी सून ओली बाळंतीण आणि कणगी रिकामी. घागरीचे दोन शेर जोंधळे आले तरच चूल पेटणार होती. नेमकी तीच घागर रखमाजीनं उचलली.

साळूनं शिव्याशाप दिले नाहीत. देवळाच्या उंबऱ्याशी बसून ती म्हणाली, "आई, घागर तू घे. पण माझी बाळंतीण आज उपाशी निजणार, एवढं तुला ठाऊक असू दे."

रखमाजीनं देवीच्या स्नानासाठी घागर भरली, तर आत थेंब राहीना. चीर नाही, भोक नाही, खालची फरशी कोरडी. पुन्हा भरली, पुन्हा रिकामी. तेव्हा त्याला साळूचं बोलणं आठवलं. घरातून जोंधळे आणून त्यानं साळूच्या पदरात घातले. किती? एक शेर! अशा वेळीसुद्धा हात आखडता घेतला बघा आमच्या माणसानं. पुन्हा पाणी ओतलं, तर घागर भरली ती बरोबर निम्मी. वर ओतावं तेवढं नाहीसं व्हायचं. मग तो मुकाट्यानं दुसरा शेर घेऊन आला आणि घागर काठोकाठ भरली.

"आजपासून आई विकत घेईल," असं त्यानं या वडाखाली उभं राहून सांगितलं म्हणे. गेलेली माणसं परतायला मात्र तीन वर्षं लागली.

माझ्या लहानपणी इथं पाय ठेवायला जागा नसायची हो. गुळाच्या ढेपांचा वास पार गाभाऱ्यात यायचा. फार आठवतं ते सगळं, जीव तुटतो. आता सडक झाली, सगळे तालुक्याला जातात. चौघीजणी बसतात, तेवढाच बाजार. मी एकदा फुलवालीला, कौसाबाईला, विचारलं, "कशाला गं येतेस एवढी वाट तुडवत?" तर म्हणते, "गुरवबाबा, एक गिऱ्हाईक तरी नक्की येतं की."

आजही दर सोमवारी दरजाई चौघींकडूनही घेते. कौसाबाईची फुलं, दुसरीची केळी, तिसरीचं तेल. चौथी केरसुण्या विकते. गाभाऱ्यामागं जाऊन बघा, सत्तर केरसुण्या झाल्यात.