हंड्यावरची कळशी

मंगळवारी सकाळी म्हाळसा अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसली होती. तेवढ्यात ढोल वाजवत गोमाजी आळीत शिरला आणि त्यानं दवंडी दिली.

"महाराजांच्या नावानं ऐका हो ऐका! हेमराजशेठच्या दुकानी जो हंडा घेईल, त्याला कळशी फुकट होऽऽ!"

करंजगडात ढोल एकच, तो दरबारचा. भाडं भरलं की व्यापाऱ्यांसाठीही वाजे. पण गोमाजीच्या घराण्यात दवंडीची सुरुवात एकाच पद्धतीनं शिकवत. महाराजांचं नाव गाळलं की त्याला पुढचं आठवत नसे. त्यामुळे हरवलेली म्हैससुद्धा महाराजांच्या नावानंच शोधली जाई.

म्हाळसानं सुरी खाली ठेवली. धाकट्या बहिणीचं, बकुळाचं लग्न शनिवारी होतं. सासरी नवी सून पहिल्या दिवशी हंड्यावर कळशी ठेवून पाण्याला जाते. नुसता हंडा घेऊन आलेल्या सुनेला त्या गावात पाण्याला पाठवत नाहीत, माहेरी पाठवतात. आई असती तर तिनं हे सगळं कधीच जमवून ठेवलं असतं. आता जमवायला आबा होते, म्हाळसा होती आणि एक शेळी होती.

शेळी विकली. हंडा आला. कळशी आली नाही.

"फुकटच्या कळश्या संपल्या," हेमराजशेठ पान लावता लावता म्हणाले.

"शेठजी, तुमच्या मागं फळीवर कळश्याच कळश्या आहेत!"

"त्या विकायच्या. फुकटच्या संपल्या."

"दोन्हींत फरक काय?"

"मी सांगतो तोच."

"दवंडीत असं काही नव्हतं."

"माल असेपर्यंत, हे समजून घ्यायचं असतं. सगळंच सांगायचं म्हटलं तर गोमाजी दमेल गं!"

"मग हंडा परत घ्या, माझी शेळी तरी परत आणता येईल."

"विकलेला माल परत नाही. हेही समजून घ्यायचं असतं."

म्हाळसा कोतवालाकडे गेली. कोतवालानं सगळं शांतपणे ऐकलं, आणि हा व्यापाराचा मामला आहे, असं सांगितलं. त्याच्या ओसरीवर दोन नव्या कळश्या उन्हात चमकत होत्या.

विहिरीवर गेली तेव्हा कळलं, की अर्ध्या गावानं हंडे घेतले होते आणि सगळ्यांच्याच फुकटच्या कळश्या संपल्या होत्या.

गुरुवारी पुन्हा ढोल वाजला. "महाराजांच्या नावानं ऐका हो ऐका! उद्या दुपारी महाराजांचे व्याही येणार! सकाळी घरोघरी सडा, रांगोळी, तोरण लागलंच पाहिजे होऽऽ!"

म्हाळसा उठली आणि घरोघरी फिरून आली.

"चाबूक बसला तर?" शेजारच्या सीतूमावशीनं विचारलं.

"माझं नाव सांग, मावशी."

"ते तर सांगणारच गं बाई!"

शुक्रवारी सकाळी महाराज घोड्यावरून पाहणीला निघाले. गेल्या साली व्याह्यांनी आपल्या गावच्या रांगोळ्या दाखवून त्यांना फार जळवलं होतं. महाराजांनी पहिली आळी पाहिली, दुसरी पाहिली. एका दारातही रांगोळी नव्हती! सीतूमावशी मात्र रांगोळीनं भरलेली वाटी घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"रांगोळी कुठं आहे?" महाराज गरजले.

"संपली, महाराज."

"आणि हातात काय आहे?"

"ही आमची. महाराजांच्या पाहुण्यांसाठीची संपली."

"मी हुकूम दिला होता!"

"रांगोळी असेपर्यंत, हे समजून घ्यायचं असतं, महाराज," मावशी म्हणाली आणि लगेच पुढं म्हणाली, "बुरुडाच्या म्हाळसानं सांगितलंय."

म्हाळसाला चौकात आणलं. बातमी ऐकून हेमराजशेठही गंमत बघायला दुकानातून खाली उतरले.

"माझ्या गावाला हे कुणी शिकवलं?" महाराजांनी विचारलं.

"दवंडीनं, महाराज. मंगळवारी ढोल वाजला, महाराजांच्या नावानं कळशी कबूल झाली. मी शेळी विकली. मागायला गेले तर कळलं, महाराजांच्या नावामागं न सांगितलेल्या अटी असतात. मग म्हटलं, गुरुवारच्या दवंडीलाही असतील."

"माझ्या शब्दाला अटी नसतात!"

"मग माझी कळशी?"

हेमराजशेठ घाईनं पुढं आले. "महाराज, ती दवंडी माझी होती. तुमचा काही संबंध नाही!"

"असं का?" म्हाळसा म्हणाली. "मग महाराजांचं नाव घेऊन गावाला फसवलं ते तुम्ही."

"नाही नाही! म्हणजे... दवंडी दरबारचीच."

"मग फसवलं ते महाराजांनी. काय ते एकदा ठरवा, शेठजी. महाराज उन्हात खोळंबलेत."

हेमराजशेठ दुकानाकडे दोन पावलं मागं सरकले.

"पोरी, फार बोलतेस!" महाराज म्हणाले. "दुपारी माझे व्याही येतायत!"

"आमचे उद्या येतायत, महाराज. ढोल एकच आहे. त्याच्या भरवशावर दोघांची अब्रू आहे. मंगळवारी तो खोटा वाजला असेल, तर गुरुवारी खरा वाजला हे आम्ही ओळखायचं कसं?"

महाराजांच्या मिश्या आधी हलल्या, मग खांदे, आणि मग ते इतक्या जोरात हसले की घोडं चार पावलं मागं सरलं.

"शेठजी! तुमच्या दुकानात फुकटच्या कळश्या आल्या का?"

"आल्या, महाराज," हेमराजशेठ म्हणाले. "आत्ताच आल्या."

हंडे घेतलेल्यांना दुपारच्या आत कळश्या मिळाल्या. कोतवालाच्या ओसरीवरच्या दोन्हीही वाटल्या गेल्या. व्याह्यांची पालखी वेशीत आली तेव्हा दारोदारी बायका शेवटचे ठिपके जोडत होत्या. महाराजांनी म्हाळसाला तिची शेळी परत मिळवून दिली, वाड्याच्या सगळ्या सुपांचं आणि टोपल्यांचं काम तिच्या आबांना नेमून दिलं, आणि यापुढं व्यापाऱ्याची दवंडी आधी म्हाळसाला ऐकवायची, असं फर्मावलं. ती म्हणेल त्या अटी गोमाजीनं मोठ्यानं सांगायच्या. गोमाजीनं घसा बसू नये म्हणून गुळाचा खडा मागून घेतला.

शनिवारी बकुळा हंड्यावर कळशी ठेवून सासरी गेली. कळशीवर आईचं नाव कोरून घ्यायचं म्हाळसाच्या मनात होतं. ते राहून गेलं.